शाल परत आली

मंगळवार, सौंसर

आज दिवाकरभाऊची बायको व्यसनमुक्ती केंद्रात आली आणि शाल माझ्या टेबलावर ठेवून उभी राहिली. मागच्या महिन्यात आम्हीच दिलेली. सहा महिने दारूला शिवला नाही म्हणून मोहगावच्या चौकात त्याचा सत्कार केला होता. शाल, नारळ, फोटो. कल्पना माझीच.

"आमचे हे चार दिवसांपासून पिऊन राहिले," ती म्हणाली. "मले म्हणते, शाल ताईले वापस करून ये."

मी चिडले. आमचा एकच नियम होता, प्यावंसं वाटलं की आधी मला फोन. सहा महिने त्याने पाळला. जिनिंग मिलमध्ये कापूस उतरवता उतरवता फोन करायचा, "ताई, आज जीव ऐकून नाही राहिला." मी बोलत राहायचे, तेवढ्यात ती वेळ टळायची. मग याच वेळी का नाही केला?

तिलाच विचारलं.

"हे मोबाईल हातात घेऊन बसले होते ना. मंग म्हणे, ताईनं साऱ्या गावासमोर मले सुधरला म्हणून सांगितलं. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

सत्काराआधी मी त्याला विचारलं तरी होतं का? नाही. केंद्राच्या भिंतीवरच्या सत्काराच्या फोटोत तो हसत नाहीये, हेही आजच दिसलं. शाल तिने धुऊन, नीट घडी घालून आणली होती.

संध्याकाळी मीच फोन लावला. त्याने उचलला. पहिलंच विचारलं, "ताई, तो फोटो उतरवला का?"

मी हो म्हटलं. तो अजून भिंतीवरच आहे.