टँकरवर चढलेले फौजदार

सोमवार, सिरसाळा

आज दूध संस्थेत फौजदारसाहेबांची शोकसभा झाली. टँकरच्या पाण्यावरून दंगा झाला, तेव्हा ड्रायव्हरला वाचवताना त्यांना दगड लागला आणि ते दवाखान्यात वारले. दगड आमच्याच गावच्या गर्दीतला. मला बोलायला उभं केलं, मी काय बोलणार? तोंडातून निघालं ते चारा छावणीतल्या म्हशीचं जुनं प्रकरण. म्हैस मागं लागली तसे साहेब वर्दीसकट टँकरवर चढले आणि वरून ओरडले, "हिला अटक करा बे."

सभा हसली. मी चरकलो. समोरच त्यांची बायको बसलेली. हसवायला नको होतं का?

सभा संपल्यावर त्या जवळ आल्या. "भाऊ, मला बघून समदे गप होत्यात. आज लई बरं वाटलं. म्हशीचं पुन्हा सांगा."

सांगितलं. दोनदा चहा झाला, तरी कुणी उठेना.