लाल सिमेंट

बाबा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. मधल्या काळात तुमची आठवण आली नाही असं नाही, पण कागद घेऊन बसावं असं कधी वाटलं नाही. आज बसले आहे ती भांडायला. निमित्त ती आहे, तुमची रेजा. घुग्घुसच्या क्वार्टरांच्या कामावर कुरखेड्याकडून आलेली, डोक्यावर घमेली वाहणारी, विशीतली, कायम हसणारी ती. तिच्या हातात तुम्ही तुमची गवंड्याची थापी दिलीत, तिला भिंत रचायला शिकवलंत, मिस्त्री केलंत. मला नाही केलंत. भांडण एवढंच आहे आणि ते पस्तीस वर्षं जुनं आहे.

आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. मी पाटावर बसून गणितं सोडवते आहे, आई वरणाला फोडणी देते आहे आणि मागच्या अंगणात तुम्ही दोघं भाजक्या विटांचे तुकडे कुटून चाळता आहात. कुठल्याशा जुन्या विहिरीच्या डागडुजीसाठी ती लाल भुकटी, तुमची सुर्खी, चुन्यात मिसळायची होती. तिच्या भुवयासुद्धा लाल झाल्या आहेत आणि तुम्ही तिच्याकडे बघून हसता आहात. माझ्यासमोर तुम्ही असे हसत नव्हता. मी उठून बाहेर आले आणि चाळणीत हात घातला, तर तुम्ही खेकसलात, "जाय आत. वह्या लाल होतीन. तुले काय घमेली वाहाची हायेत?" मी तेरा वर्षांची होते. तिला तुम्ही 'पोरी' म्हणायचात आणि मला नावानं हाक मारायचात. दहावी पास झाले तेव्हा मला कंपासपेटी मिळाली, चांगली महागाची, आणि त्याच दिवाळीत तिला तुमची थापी मिळाली, मुठीवर तुमच्या अंगठ्याचा खळगा पडलेली. कंपासपेटी कुठल्याही दुकानात मिळते, बाबा.

तुमच्या मनासारखी मी इंजिनिअर झाले. सिमेंटच्याच धंद्यात आले आणि चारेक वर्षांपासून एका नव्या सिमेंटचं काम बघते आहे. तुम्ही असतात तर तुम्हाला समजावून सांगितलं असतं. आपल्या नेहमीच्या सिमेंटसाठी चुनखडी भट्टीत भाजतात. तेव्हा कोळशाचा धूर तर निघतोच, शिवाय दगडाच्या पोटातूनही वायू सुटतो आणि हवा तापवतो. नव्या सिमेंटमध्ये ते भाजलेलं जवळजवळ निम्म्यावर आणलं आहे. उरलेल्या जागी बरीचशी कमी आचेवर भाजलेली चिकणमाती आणि थोडी न भाजता दळलेली चुनखडी. धूर कमी, मजबुती तीच. रंग मात्र जरासा लाल. हे मी मोठमोठ्या सभांमध्ये सांगते, लोक टाळ्या वाजवतात. आणि हे भाजलेल्या मातीचं शास्त्र आपल्या मागच्या अंगणात कुटलं जात होतं, हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही.

कुरखेड्याच्या पुढे एका गावात याच सिमेंटची अंगणवाडी बांधायचं ठरलं. मी नागभीडवरून गाडीनं तिथे पोहोचले तर काम बंद पडलेलं. फोडलेल्या पोत्याभोवती गाव गोळा झालं होतं. एक म्हातारा पुढे येऊन म्हणाला, "सिमेंट लाल काऊन हाय, बाई? माती मिसळवली ना याच्यात? आमचे लेकरं बसतीन इथी." मी अर्धा तास बोलले. वायू, तापमान, प्रयोगशाळा. एकाचाही चेहरा हलला नाही. तेवढ्यात मागून ती आली, तुमची रेजा. केस पिकलेले, चाल मात्र तीच. तिथली मिस्त्री तीच होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं चिमूटभर सिमेंट घेऊन बोटांत चोळलं आणि म्हणाली, "हे त सुर्खी होय. मी आन आमच्या मिस्त्रीनं यानंच विहिरीची डागडुजी केली घुग्घुसले. आजबी पाणी पिऊन राह्यले लोकं." म्हातारा मान हलवून बाजूला झाला आणि कामाला सुरुवातही झाली. माझ्या अर्ध्या तासाचं काम तिनं एका शब्दात केलं आणि तो शब्द तुमचा होता. मग तिनं मला ओळखलं, दोन्ही हात धरले, तुमच्याबद्दल किती किती बोलली. माझ्या मात्र पोटात दुखत होतं. सगळं गाव तिला 'मिस्त्री' म्हणत होतं. आपल्या घरात तो शब्द फक्त तुमचा होता.

त्या दिवशी कॉलम भरायचे होते. या सिमेंटचा कालवलेला माल जरा घट्ट होतो, कोरडा वाटतो, आणि माणसाला वाटतं की थोडं पाणी घालावं. घातलं की तो सहज ओतता येतो, पण कच्चा राहतो. हे मी शिकवते. तिनं न शिकता सांगितलं. मजुरांना दटावून ती म्हणाली, "तहानला दिसला तरी पाणी मालात नाई, मालावर. आवळून कडक झाला का मंग पंधरा दिवस पाजा, पायजे तेवढं. आमचा मिस्त्री असंच सांगे." पुन्हा आमचा मिस्त्री. आमचा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुपारी ती जेवायला गेली तेव्हा मिक्सरवरच्या माणसानं मला विचारलं, "बाई, माल लई घट्ट होऊन राह्यला, का करू?" मी सरळ पुढे झाले. पिंपातून बादली भरली आणि मिक्सरमध्ये ओतली. मालाला हात लागण्याची माझी ती आयुष्यातली पहिली वेळ. छान वाटलं, बाबा, खोटं कशाला बोलू? त्या मालाचे दोन कॉलम भरले गेले.

प्रत्येक मालाचे ठोकळे भरून ठेवतात आणि अठ्ठावीस दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. काल फोडले. तिनं भरलेल्या कॉलमचे ठोकळे उत्तम निघाले. त्या दोन कॉलमचे कमी पडले. ते कॉलम पाडून पुन्हा बांधायला लागतील आणि कोणामुळे, हे अहवालात लिहावं लागेल. साहेबांनी विचारलं, "सिमेंट खराब की मिस्त्री?" सिमेंट म्हटलं तर या भागात लाल पोत्याला पुन्हा कोणी हात लावणार नाही. मिस्त्री म्हटलं तर ठेकेदार तिला उद्याच घरी पाठवेल. मी म्हटलं, बघून सांगते. आणि तिला फोन केला.

तिनं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "मी जेवाले गेलती तवा पाणी पडलं. साचा भरल्यावर माल पायला, तवाच समजलं मले."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"चार लोकाईसमोर कशी बोलू? मिस्त्रीची पोरगी होय तुमी. ठोकळे सांगतीनच म्हणलं. आता असं करा बाई, मीच टाकलं म्हणून लिवा. मले दुसरं काम भेटन. तुमाले नोकरी हाय."

तिचा आवाज जराही कडू नव्हता. तो कडू असता तर मला सोपं गेलं असतं. मी फोन ठेवला. तुम्ही तिला काय काय दिलंत याची यादी मी पस्तीस वर्षं करत आले होते आणि ती अजून संपलेली नाही, हे मला काल कळलं.

मग मी अहवाल लिहायला घेतला. कारणाच्या रकान्यात लिहिलं की पाणी मी घातलं, मिस्त्रीची मनाई असताना, आणि खाली सही केली. अहवाल उद्या जाईल. हे पत्र कुठे जाणार, कपाटातच राहील. ऑफिसात म्हणतील, बाई प्रामाणिक आहेत. तुम्ही तरी तसं समजू नका. तुमच्या नावाखातर दोष अंगावर घ्यायला ती एका क्षणात तयार झाली, आणि एवढं तरी मला तिला मिळू द्यायचं नव्हतं.