होळीतले टायर

फरीदाबाद
१० मार्च १९९४

तीर्थरूप तात्यांस,
माधवीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

नव्या सोसायटीत बस्तान बसलं. आमच्या मजल्यावर बंगाली, मल्याळी, जाट आणि समोर सरदारजींचं घर. कौस्तुभ भांडतो हिंदीत, रडतो मराठीत. त्याला सांडशी म्हणजे काय ते कळत नाही, तुम्हीच येऊन शिकवा.

यंदा सगळ्यांनी मिळून होळी करावी असं मीच सुचवलं. मुलांनी खाली लाकडं रचली, वर स्कूटरचे जुने टायर टाकले. दुसऱ्या दिवशी समोरच्या गुरदीप कौर दारात आल्या. त्यांना आम्ही बीजी म्हणतो. टायर कुणी ठेवले, एवढंच त्यांनी विचारलं आणि उंबऱ्यातच खाली बसल्या. मग त्यांच्या मुलाने सांगितलं. चौऱ्याऐंशी साली दिल्लीत इंदिराजींच्या हत्येनंतर शिखांना मारलं, तेव्हा जमावाने बीजींच्या यजमानांच्या गळ्यात टायर घालून पेटवला होता. त्यांच्या डोळ्यांदेखत.

होळी रद्द करू म्हटलं, तर सेक्रेटरी हरीशजी म्हणतात, वाईट झालं, पण एका घरासाठी सगळ्यांचा सण का थांबवायचा? काय करू ते कळवा.

तुमची,
माधवी

सातारा
१७ मार्च १९९४

चि. सौ. माधवीस,
अनेक आशीर्वाद.

मी होळीपाशी येत नाही म्हणून लहानपणी तू रुसायचीस. नैवेद्य तुझ्या आईच्या हाती पाठवायचो. कारण कधी सांगितलं नाही.

अठ्ठेचाळीस साली गांधीजींचा खून झाला आणि ब्राह्मणांचं म्हणून आमचं गावातलं घर जाळलं. मी शाळकरी होतो. पेटवणारे आमच्याच आळीतले. आम्हाला गोठ्यात कडब्याआड लपवणारा अंबादास माळीही त्याच आळीतला. पुढे आम्ही तिथेच राहिलो. वडील दोघांनाही रामराम घालायचे. ते मला आजही उलगडलेलं नाही.

तऱ्हेतऱ्हेची माणसं एकत्र राहू शकतात का, असं तुला वाटत असेल. राहतात. आम्ही राहिलो. पण कुठे धूर दिसला की कुणाचं घर, हे मी अजून आधी बघतो.

त्या बाईंच्या वतीने तू काही ठरवू नकोस. त्यांनाच विचार.

जावईबापूंना आशीर्वाद, कौस्तुभला पापा.

तुझे,
तात्या

फरीदाबाद
२८ मार्च १९९४

ती. तात्यांस,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मग बीजींना विचारलं. त्या म्हणाल्या, होळी करा, टायर काढा, मीही येईन. हरीशजींनी कुरकुरत का होईना, टायर स्वतः उचलून भंगारवाल्याला दिले.

तिन्हीसांजेला बीजी आल्या, हातात पाण्याने भरलेली बादली. होळी पेटली तशी पोरांनी बोंब ठोकली. बीजी आगीकडे बघत नव्हत्या. त्या उजेडात एकेका पुरुषाचा चेहरा बघत होत्या, विशेषतः तिशी-चाळिशीतल्यांचा, दहा वर्षांपूर्वी जे तरुण होते त्यांचा. हरीशजी चष्मा पुसत राहिले.

मग बीजींनी ह्यांच्याकडे पाहिलं. तात्या, चौऱ्याऐंशी साली हे दिल्लीतच होते, पहिल्या नोकरीवर. ते दिवस खोलीत दार लावून काढले, असं लग्नानंतर एकदा सांगितलं होतं. बाहेरून कुणी आसऱ्यासाठी दार वाजवलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. काल ह्यांनी मान खाली घातली, ती घरी येईपर्यंत वर केली नाही.

आता विचारणार आहे. तुमची माया पाठीशी असू द्या, जे उत्तर येईल ते ऐकून घ्यायला मला ती लागेल.

तुमची,
माधवी