कोनराड टीमान यांचा पूल

प्रिय एकार्टमामा,

हे पत्र टपालात टाकायला हात धजणार नाही. 

तुम्ही जर्मनीहून येणार म्हणून आई साऱ्या कोबान गावाला सांगत सुटली आहे, "माझा गोरा भाऊ येतोय!" तुमचे आजोबा, रेल्वेचे इंजिनिअर कोनराड टीमान, हेच माझ्या आजोबांचे, म्हणजे आईच्या वडिलांचे, वडील असे आम्ही मानत आलो. दरवर्षी मृतात्म्यांच्या दिवशी त्यांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावतो.

तुम्हाला वंशावळ भेट द्यावी म्हणून मी चर्चमधून आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद काढली. कोनराड यांचे नाव तिथे आहे, पण धर्मपिता म्हणून, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची हमी घेणारा. पोटच्या पोराचा धर्मपिता बापाला होता येत नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बापाच्या जागी लिहिले आहे: मातेओ चोक, मजूर, बांधकाम चालू असताना पूल कोसळून मृत. तुम्ही प्रत्येक पत्रात ज्याचे कौतुक करता, तोच कोनराड यांनी बांधलेला पूल.

आई तमालांसाठी, मक्याचं पीठ गुंडाळून वाफवायला, केळीची पाने पुसत होती. मी सांगितले तर हसली. "एवढं कॉलेज शिकवलं, ते घरातला बाप बदलायला का गं?"

मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि पान खाली ठेवले.

"म्हणजे पोराचा बाप त्या पुलाखाली मेला, म्हणून साहेबानं त्याला आपलं आडनाव दिलं?"

 ती फोटोकडे बघत होती.

"एल्विरा, मग मातेओसाठी आजवर मेणबत्ती कुणी लावली?"

तुम्हाला मामा म्हणावे की नाही, हे न कळणारी,
एल्विरा