वाट्यांचं गाव

लातूर,
भोगी, जानेवारी २०१८

चि. मृण्मयीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

मी बरी हाय. गुडघा तेवढा कुरकुरतो. तिकडं बर्फ पडलंय म्हणे, कानाला बांधत जा. माझं अक्षर वाकडं हाय, दुसरीतच शाळा सुटली, समजून वाच. फोनवरच बोलले असते, पण तुझा बाप शेजारी बसतो अन् तुझं नाव निघालं की उठून जातो. म्हणून कागद. वरच्या खोलीतली दीपमाला, डाक्टरकीच्या क्लासला आलेली भाडेकरू पोरगी, या कागदाचा फोटो काढून तुला पाठवणार हाय.

तुझं काम झालं ग बाई! जुन्या गावातली आपली गल्ली काढून पाठव, वर्गात शिकवून दाखवायचीय म्हणालीस. मला कुठला नकाशा येतोय? काल कमळम्मा आली, आपली तिथली शेजारीण. तिला ऐटीत सांगितलं, माझी नात माणसांच्या रीतीभाती शिकवायची पदवी घ्यायला परदेशी गेलीया. तर म्हणती, "आपल्या रीती गोऱ्यांकडं जाऊन शिकायच्या व्हय?" लई हसलो.

मग गच्चीवर वाट्या मांडल्या. वाटी म्हणजे घर. मोठी माणसं ज्वारीचे दाणे, लेकरं तीळ. तिळगुळासाठी निवडून ठेवलेले होतेच. कमळम्मा म्हणाली, "तुझी वाटी माझ्या दाराला खेटून ठेव, तुझ्या कालवणाचा वास मला यायचा." भूकंपानंतर नव्या गावात घरं मिळाली ती रांगेत. ती या टोकाला, आम्ही त्या. चिमूटभर मीठ मागायचं तर चप्पल घालून जावं लागायचं.

आपल्या वाटीत मी दाणे ठेवले. तुझा आजा, मी, तुझा बाप. कमळम्मानं ते दोनदा मोजले.

तेवढ्यात तुझा बाप वर आला. "हे काय मांडलंय?"

"तुझ्या लेकीच्या धड्यासाठी."

वाटलं, आता खाली जातो. तर चप्पल काढून मांडी घालून बसला. "आई, मारुती इकडं नव्हता," म्हणत देवळाची वाटी सरकवली. मग एक तीळ उचलून आपल्या वाटीत ठेवला. "सिंधूला विसरलीस व्हय?"

विसरीन का मी? माझी धाकटी लेक. तुझी आत्या. गणपती बोळवून झोपलो, त्या भूकंपाच्या पहाटे तुझ्या बापानं हातानं माती उपसून तिला बाहेर काढलं, तेव्हा ती पाणी मागत होती. डाक्टर पोचेस्तोवर दुपार झाली. तुला डाक्टर करायचा हट्ट त्याचा तिथला हाय, मृण्मयी. क्लास सोडलास तेव्हापासून तो बोलत न्हाई, ते का, मला ठाऊक होतं. पण तुला सांगावं तर तिचं नाव घ्यावं लागतं. या घरात ते कुणी घेत नव्हतं.

काल त्यानं घेतलं. मग सुटलोच आम्ही. तिची लाल रिबिनीची वेणी, तिचं कमळम्माकडं जाऊन जेवणं. कमळम्मा तर भांडायलाच लागली, तो तीळ माझ्या दारात ठेवा म्हणून. तुझा बाप म्हणाला, "खेळू दे तिथं. झोपायला घरी येईल." आणि डोळे पुसले.

वाट्यांचा फोटो त्यानंच काढलाय. मलाच म्हणतो, "तिचा धडा कधी हाय? मीच पाठवतो." उद्या पाठवील, परवा पाठवील, तू घाई करू नकोस. आला की त्यालाच फोन कर, मला नको.

वर्गात गल्ली मांडशील तेव्हा तीळ घे. त्यातल्या एकाचं नाव त्या पोरांना सांग.

तुझी आजी,
सिंधूची आई,
उमाबाई