माझा नसलेला दीड मीटर

मी, भूमापन कार्यालयातून निवृत्त झालेली मोजणीदार, वय एकाहत्तर, डोकं ठिकाणावर, गुडघे नाहीत, कुणाच्याही दबावाखाली न येता (आजवर आलेच कधी?) हे लिहून ठेवते.

घर पुतणीला. ती माझ्यासारखीच हट्टी आहे, सांभाळेल. मोजणीची दुर्बीण, तिपाई आणि पोलादी फीतही तिलाच. बायकांना उन्हात आकडे दिसत नाहीत म्हणणाऱ्या माझ्या साहेबांना माझा जुना चष्मा पोचता करावा.

अंगणातला कोरीव दगड कुणालाच नाही, तो सरकारी आहे. असे दगड देशभर रोवलेत, प्रत्येकाला आकडे दिलेत. रस्ता, कालवा, आपली न्हाणीसुद्धा त्याच आकड्यांच्या आधाराने नकाशावर जागच्या जागी बसते. त्यावर कुणी कपडे आपटू नयेत.

आता भिंत. वडिलांच्या जागेची वाटणी झाली तेव्हा मोजणी मीच केली. भिंत उभी राहिली तशी दादा, माझा थोरला भाऊ, म्हणाला की ती त्याच्या हद्दीत शिरली आहे. मी ताठ्यात म्हटलं, "देशाचे आकडे खोटे आणि तुझी पावलं खरी का रे दादा?" त्या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून त्याने माझ्याशी बोलणं टाकलं.

आकडे खरेच होते. पण त्याच वर्षी देशाची चौकट नव्याने मांडली होती, म्हणजे सगळ्या दगडांना नवे आकडे दिले होते. जमीन जागची हलली नाही, आमच्या भागातले आकडे तेवढे दीड मीटरने सरकले. मी कोपऱ्यांचे आकडे जुन्या कागदावरून घेतले आणि यंत्र लावलं नव्या आकड्यांवर, म्हणून भिंत दीड मीटर दादाच्या बाजूला गेली. सहा महिन्यांत चूक कळली. तोंड उघडलं नाही. लाज वाटली, दुसरं काय! त्या पट्ट्यातली लिंबं मात्र खुशाल खाल्ली.

तर तो दीड मीटर, लिंबाच्या झाडासकट, मी दादाला देत नाही. तो त्याचाच आहे, आणि दुसऱ्याची वस्तू मृत्युपत्राने देता येत नाही. म्हणजे दादाला यातून काडीचंही मिळत नाही. आणि ज्याला काही मिळत नाही त्याला साक्षीदार व्हायला हरकत नाही, हे वकिलांना विचारून घेतलं आहे.

म्हणून पुतणीबरोबर निरोप धाडला आहे, माझ्यासमोर येऊन सही कर. कायद्याला सही पुरते. मला दादाचा आवाज ऐकायचा आहे.

स्थळ: स्वयंपाकघर, दगडापासून उत्तरेला अकरा मीटर, दोनदा मोजून
दिनांक: बारा मार्च
सही: मोजणीदार

साक्षीदार पहिले: शेजारच्या दवाखान्यातले डॉक्टर
साक्षीदार दुसरे: थोरला भाऊ. सहीखाली त्याच्याच अक्षरात: "वाचलं. बोलायचं नंतर बघू. आधी भिंतीत दार पाडतो. या वेळी फीत मी धरणार."