हिरव्या रकान्यातली शिवी

खासबाग, बेळगाव
सोमवार, १९ जानेवारी २०२६
सकाळचे साडेसात

अमरदीप,
जय भीम.

सगळं फिरलं ते मागच्या मंगळवारी, तेरा तारखेला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. वेळ मी घड्याळात बघितली नव्हती. ती कॉम्प्युटरात नोंदली गेली आहे, आणि आज अकरा वाजता तीच नोंद तुझ्या बहिणीपुढं, पारमितापुढं ठेवणार आहेत.

माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. अडीच वर्षं आपण बोललो नाही. तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, तो उघड म्हणायला हे लिहीत नाही. निपाणीला घरी सगळी बरी असतील. कोंडाबाई आजींचा गुडघा कसा आहे? पारमिताला विचारलं की ती "बरी हाय" म्हणते, पण ती सगळ्यांचंच बरं सांगते. तू आता बेळगावच्या कोर्टात स्वतःच्या नावानं वकील म्हणून उभा राहतोस, हेही तिच्याकडूनच कळलं. बरं वाटलं. खरंच.

मी काय करतो ते तुला अर्धंमुर्धं माहीत असेल. कॉलेज सुटलं, म्हणजे मी सोडलं, पण इंग्रजी सुटलं नाही. इंग्लंडात घराघरात बॉयलर असतो. त्याच्यावर पाणीही तापतं आणि खोल्याही. तो बंद पडला की तिथली माणसं फोन करतात आणि तो वाजतो इथं बेळगावात, आमच्या कानात. पारमिता फोन घेते. मी शेजारच्या खुर्चीवर, शब्दांच्या तक्त्यावर.

तक्ता म्हणजे असा. फोनवरची माणसं चिडलेली असतात, शिव्या देतात. कुठली शिवी कान झाडून सोडून द्यायची आणि कुठल्या शिवीला फोन तोडायचा, हे इथल्या पोरांना कळत नव्हतं. 'ब्लडी' म्हटलं की आमच्या कॉल सेंटरातला निम्मा फ्लोर हादरायचा. आपल्याकडं तो शब्द सिनेमातल्या खलनायकाचा. आठवीत मी तो बोललो तर मिस्सनं मला दिवसभर उन्हात उभं केलं होतं. इंग्लंडात म्हातारी बाई चहा सांडला तरी म्हणते. ऑस्ट्रेलियात तर तो पानातल्या मिठासारखा. अमेरिकन माणूस ऐकून नुसता हसतो, नाटकातलं वाटतं त्याला. मी हे सगळं रात्रंदिवस बघून, ऐकून, चार देशांचे चार रकाने आखले. हिरवा म्हणजे सोडून द्या. पिवळा म्हणजे एकदा समज द्या. लाल म्हणजे बटण दाबा. लाल दाबलं की फोन तुटतो आणि तो नंबर अठ्ठेचाळीस तास आमच्याकडं लागतच नाही. कॉम्प्युटर बोलणं ऐकत असतो, तक्त्यातला शब्द आला की पडद्यावर रंग लावतो. तक्ता बदलायचा अधिकार दोघांनाच, मला आणि मी केलेलं तपासायला पारमिताला.

मला ह्याचा लई माज होता. आणि मला ते जमायचं त्याला कारण आमचे नागोजी आजोबा. खानापूरकडं आमच्या गावात ते नातवालाही 'रांडेच्या' म्हणतात आणि बैलालाही, आणि दोघंही जवळ जातात. पुण्याला चुलतबहिणीच्या लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाच्या भावाला लाडानं तेच म्हटलं, तर पंगत उठायची वेळ आलती. म्हणजे एकाच शब्दाचं वजन गाव बदललं की बदलतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. हे लक्षात ठेव. मला माहीत नव्हतं असं मी कुठंही म्हणालो, तर ते खोटं आहे.

मिस्टर क्लेग म्हणून एक म्हातारा होता. त्र्याऐंशी वर्षांचा, एकटा. गेल्या हिवाळ्यापासून त्याचा फोन यायचा आणि तो पारमितालाच मागायचा. तिला काय वाट्टेल ते म्हणायचा आणि ती हसायची. "आमच्या यल्लाप्पा आजोबांसारखाच हाय बघ," म्हणायची, "शिवी दिल्याबिगर ह्याला नमस्कार येत न्हाय." मंगळवारी त्याचा बॉयलर बंद पडून दोन दिवस झाले होते. तिकडं बर्फ होता. मेकॅनिक गुरुवारी मिळत होता. पारमिता त्याला फोनवरच थांबवून आमच्या वरच्या दिपाली मॅडमच्या केबिनकडं गेली. ह्या म्हाताऱ्याला आजच्या आज माणूस द्या, म्हणून भांडायला.

त्याच्या अर्धा तास आधी चहाला काय झालं ते लिहिल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

ती म्हणाली, "सौरव, मी मॅडमकडं जागा बदलून मागितलीया."

मी म्हटलं, "का? मी काय केलं?"

"काय केलं न्हाईस. पण माझ्याशी कोण हसलं तर तू त्याच्याकडं बघत बसतोस. मला काम सुचत न्हाय."

"आणि उद्या कुणी काय बोललं तुला तर?"

"मला तोंड हाय की रं," म्हणाली, आणि कप ठेवून गेली.

तू मला तेच म्हणालतास. कॉलेजात पारमिताला काहीबाही बोललेल्या त्या पोराचा मी कॅन्टीनमागं दात पाडला तेव्हा. "तू तिच्यासाठी मारत न्हाईस, तुझ्यासाठी मारतोस," म्हणालास, आणि त्या दिवसापासून मी तुझं तोंड बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजही बघितलं नाही.

तर ती केबिनकडं गेली. तिचा हेडफोन टेबलावर, आतून म्हाताऱ्याचा आवाज येत होता. मी तिच्या खुर्चीवर बसलो आणि कानाला लावला. तो म्हणत होता, कुठं गेली ती ब्लडी काऊ, इथं माझी बोटं वळेनात. एवढंच. 'ब्लडी काऊ' ब्रिटनच्या रकान्यात हिरवी, मीच घातलेली. भारताच्या रकान्यात मी चेष्टेनं लिहिलं होतं, 'इथं पूजा करतात'. पारमिताच हसून म्हणाली होती, राहू दे.

अमरदीप, त्या शिवीनं मला काही झालं नव्हतं. तिच्या बोलण्यानं झालेलं होतं. पण समोर सापडला तो म्हातारा. मी तिच्याच कॉम्प्युटरवर तक्ता उघडला, ब्लडी काऊ हिरव्यातून उचलून लालमध्ये टाकली आणि थांबलो. त्यानं पुन्हा म्हटलं. म्हणणारच होता. पडदा लाल झाला. मी बटण दाबलं.

ती धावतच परत आली. मॅडमनी संध्याकाळचा मेकॅनिक दिला होता, फक्त म्हाताऱ्यानं वेळेला हो म्हणायचं राहिलं होतं. मी माझ्या खुर्चीवर.

"लाईन तुटली," मी म्हटलं.

"करील परत," ती म्हणाली, कारण इथून तिकडं फोन लावता येत नाही, आणि सुटी होईपर्यंत अधूनमधून त्याची वाट बघत राहिली.

त्यानं केला. हे तिला माहीत नव्हतं. बंद केलेले नंबर माझ्या पडद्यावर येतात, आणि त्यापुढं किती वेळा लावला तो आकडा. मंगळवारी रात्री घरी निघताना नऊ होता. बुधवारी दुपारी सोळा. चहाच्या वेळेला एकवीस. ते उघडायला एक टिचकी लागते. मी त्या आकड्याकडं बघून मनात म्हटलं, 'बस आता, कर फोन.' हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बुधवारी सुटी झाली तेव्हा तेवीस होता.

गुरुवारी मी गेलो तेव्हाही तेवीसच. मला हलकं वाटलं. म्हटलं, बॉयलर झाला असेल दुरुस्त. वडापाव खाल्ला.

शुक्रवारी त्याच्या मुलीचा फोन आला. पारमितानंच घेतला. मी शेजारून ऐकत होतो. तिच्या बोलण्यात एकही शब्द पिवळासुद्धा नव्हता. माझ्या वडिलांचा फोन मंगळवारी किती वाजता तोडला, आणि कुणी तोडला, एवढंच तिनं विचारलं. दोनदा. हळू आवाजात. पारमिता काय झालं विचारत राहिली. मग तिनं सांगितलं. ते स्वयंपाकघरात जमिनीवर सापडले, अंगात कोट होता, फोन हातातच होता. गुरुवारी पहाटे कधीतरी गेले असं डॉक्टर म्हणाले.

पारमितानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मला म्हणाली, "सौरव, मी तोडला न्हवता रं."

मी म्हटलं, "आगं बघू."

शनिवारी मॅडमनी तिला बोलावलं. तक्ता बदललाय तिच्या नावानं. बटण तिच्या कॉम्प्युटरवरून. ती केबिनमध्ये नेमकी किती वाजता आली ते आठवत नाही, म्हणाल्या. इंग्लंडहून दोन माणसं रेकॉर्डिंग ऐकायला येणार आहेत, त्याच्या आत कागद तयार हवा. "चूक माझी" असं लिहून सही दे, म्हणाल्या, मग आम्ही सांभाळून घेऊ, पुढं वाढवणार नाही. ती बाहेर आली आणि सरळ माझ्याकडं. "तू शेजारी होतास न्हवं? मी त्यांना थांबवून गेलते, तू बघितलंस न्हवं?"

मी म्हटलं, "माझं लक्ष न्हवतं."

तिनं "बरं" म्हटलं. एवढंच. रागावली असती तर मी बोललो असतो, असं मी काल दिवसभर स्वतःला सांगत होतो. तेही खोटं आहे.

तिनं घरी काही सांगितलेलं नसणार. तुलाही नाही. आज अकराला ती सही करणार, कारण तिला आता वाटायला लागलंय की तिच्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल. काल फोनवर मला म्हणाली, "मी हेडफोन ठेवताना कोपर लागलं आसंल काय?" कोपरानं तक्ता बदलत नाही, अमरदीप. हे तिला माहीत आहे. तरी ती विचारत होती. मी "झोप आता" म्हटलं आणि फोन ठेवला.

आता तुला हे का, ते सांगतो. मी आत्ता ऑफिसात जाणार आणि दिपाली मॅडमना सगळं सांगणार. पण मला मी माहीत आहे. मॅडम दोन शब्द वाकडं बोलतील, माझं डोकं तापेल, आणि तापलं की माझ्या तोंडून दुसऱ्याचीच चूक बाहेर येते. कदाचित त्या म्हणतील, तू कशाला मधे पडतोस, तिचं नाव आहे, तू जा. आणि मी जाईन. तीन दिवस गेलोच की. म्हणून हे लिहून तुझ्या हातात देतोय. मी तिथं फिरलो तर हा कागद टेबलावर ठेव. पोलिसांकडं न्यायचा असेल तर ने, मला विचारू नकोस. फक्त अकराच्या आत तिच्याजवळ जा आणि तिला पेन उचलू देऊ नकोस.

तिच्यासाठी करतोय असं तिला सांगू नकोस. ते वाक्य मला परत ऐकायचं नाही, आणि ह्या वेळी ते खरंही नाही. तेवीस वेळा लावलेला फोन आहे, त्याच्यासाठी करतोय. तिला एवढंच सांग, की त्या म्हाताऱ्यासाठी ती भांडायला गेली होती आणि माणूस मिळवून आली होती. हे तिच्या नोंदीत कुठंच नाही. मॅडम सोडल्या तर मीच तेवढं बघितलं आहे. माझं लक्ष होतं.

तुमच्या आईला, जयाबाईंना, मी दुपारी स्वतः फोन करून सगळं सांगीन. त्याआधी त्यांचा फोन आला तर तू उचलू नकोस.

ओमकार, माझा खोलीतला सोबती, कोर्टाकडंच निघालाय. नऊला तू तिथं असतोस म्हणाला. वर लिहिलंय ते सगळं मी शुद्धीत, माझ्या हातानं लिहिलं, कुणी लिहवून घेतलं नाही. खाली पूर्ण नाव घालतो.

तुझा म्हणवून घेत नाही.

सौरव महादेव घाडी
रा. खासबाग, बेळगाव

सही केली. ओमकार जिन्यात उभा आहे, कागद त्याला देतो आणि निघतो. दार ओढून घेतो.